पहाटेच्या उल्का आणि त्यांची रोजकीर्द

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. द्वितीय वर्ष (मराठी विभाग)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने आकाशावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा प्रांत विज्ञान शाखेचा, आम्ही आपले खतावणी आणि ताळेबंद सांभाळावेत, असेही कोणी म्हणेल. परंतु उल्कावर्षाव पाहणे ही गोष्ट दुर्बिणीची नव्हे. ती डोळ्यांची, वहीची आणि हिशेबाची आहे. आणि हिशेब म्हटला की आमचा थोडासा अधिकार पोचतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून बातमी येते : 'उद्या रात्री ताशी १५० उल्का दिसणार'. ती वाचून आपल्यापैकी अनेकजण रात्रीचे जेवण आटोपून नऊच्या सुमारास गच्चीवर जातात, पंधरा-वीस मिनिटे मान वर करून उभे राहतात, एखादी रेघ दिसते किंवा तीही दिसत नाही, आणि 'हे सारे थोतांड' असे म्हणत खाली उतरतात. पुढच्या वर्षी ते बाहेर पडत नाहीत. माझ्या मते यात बातमी खोटी नसते आणि आकाशही फसवत नाही. चुकतो तो आपला हिशेब. १५० हा आकडा कशाचा आहे, त्यातून आपल्या वाट्याला किती येणार, आणि त्यासाठी पहाटेच का उठावे, हे समजले तर निराशेचे कारण उरत नाही.

उल्का म्हणजे काय?

'तारा तुटला' असे आपण म्हणतो. आजीच्या पिढीत तो पाहून नमस्कार करीत किंवा मनातल्या मनात काही मागत. वस्तुतः कोणताही तारा तुटत नाही. सूर्याभोवती फिरणारे धूमकेतू आपल्या मार्गावर धुळीचे कण सांडत जातात. वाळूच्या कणापासून वाटाण्याएवढ्या खड्यापर्यंत त्यांचा आकार असतो. पृथ्वी आपल्या वार्षिक प्रदक्षिणेत अशा सांडलेल्या धुळीतून गेली, की हे कण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर तापून उजळतात आणि बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत नाहीसे होतात. तीच उल्का. कन्नड विभागातील मित्रमैत्रिणी तिला 'उल्के' म्हणतात. शब्द दोन्हीकडे संस्कृतातूनच आला आहे.

आपल्याकडे हे निरीक्षण जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त उल्कांवर स्वतंत्र अध्याय असून तेथे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार केलेले आहेत. त्यांतून त्याने शुभाशुभ फले काढली, ती आज कोणी मानणार नाही; पण दिसणाऱ्या गोष्टीचे वर्गीकरण करावे ही बुद्धी मात्र शास्त्रीयच होती.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर मोठ्या अशनीच्या आघाताने झाले. उल्कावर्षावातले कण मात्र इतके लहान असतात, की ते वरच्या वर जळून जातात. तेव्हा वर्षावाच्या रात्री डोक्यावर काही पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

सर्व उल्का एकाच ठिकाणाहून का येतात?

एका वर्षावातले कण अवकाशातून परस्परांना समांतर येत असतात. परंतु रेल्वेच्या फाटकात उभे राहून पाहिले असता समांतर रूळ जसे दूर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तद्वतच या उल्कांच्या रेघा मागे लांबवल्या तर आकाशातील एका बिंदूत मिळतात. त्याला उगमबिंदू म्हणतात, आणि तो ज्या राशीत असेल तिचे नाव वर्षावाला मिळते. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययाति, ऑक्टोबरच्या २१-२२चा मृग, नोव्हेंबरच्या १७-१८चा सिंह आणि डिसेंबरच्या १३-१४चा मिथुन हे त्यांतले प्रमुख. बेळगावकरांना ययातीचा फारसा उपयोग नाही. ऑगस्टमध्ये आपल्या डोक्यावर राशी नसतात, सह्याद्रीचे ढग असतात. मिथुनेचा वर्षाव मात्र स्वच्छ आकाशात आणि कडक थंडीत येतो. त्याचा उगमबिंदू पुनर्वसू नक्षत्राच्या दोन ठळक ताऱ्यांजवळ आहे.

उगमबिंदूचा शोध कसा लागला ती हकीकत विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १८३३ सालच्या १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री उत्तर अमेरिकेत सिंह राशीतून उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला. लोक घाबरून घराबाहेर आले. अनेकांना जगाचा अंत आला असे वाटले. येल येथील प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांनी वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केले, की ज्याने जे पाहिले ते लिहून कळवावे. ठिकठिकाणांहून आलेल्या अशा वृत्तांतांवरून त्यांनी दाखवून दिले, की सर्व उल्का सिंहेतील एकाच भागातून निघत होत्या आणि रात्रभर तारे सरकले तसा तो भागही त्यांच्याबरोबर सरकला. म्हणजेच त्या वातावरणात उपजलेल्या नव्हत्या, बाहेरून आल्या होत्या. उल्काशास्त्राचा आरंभ सामान्य माणसांच्या नोंदींवर झाला, तो असा.

पहाटच का?

याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यावीत.

पहिले कारण पृथ्वीच्या गतीचे. पावसात धावणाऱ्या बसच्या पुढच्या काचेवर थेंब तडातडा आपटतात, मागची काच मात्र त्या मानाने कोरडी राहते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावत आहे. तिच्यावरील जो भाग पुढच्या काचेच्या जागी असतो, तेथे त्या वेळी पहाट असते. मागच्या काचेच्या जागी संध्याकाळ असते. संध्याकाळी फक्त मागून पाठलाग करून पृथ्वीला गाठणारे कण आपल्याला दिसतात. पहाटे समोरून येणारे तर भेटतातच, शिवाय मंद गतीचे कण आपणच गाठतो. म्हणूनच कोणताही वर्षाव नसलेल्या रात्रीसुद्धा पहाटेच्या उल्का संध्याकाळपेक्षा बऱ्याच जास्त असतात. समोरून येणाऱ्यांचा वेगही मोठा : सिंहेच्या उल्का सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटर वेगाने येतात, तर मिथुनेच्या सुमारे ३५ किलोमीटर वेगाने. त्यामुळे मिथुनेच्या उल्का सावकाश आणि डौलाने जातात. नवख्या माणसाला त्या पाहणे सोपे असते.

दुसरे कारण उगमबिंदूच्या उंचीचे. उगमबिंदू क्षितिजाजवळ असेल तर कणांचा झोत तिरपा पडतो आणि तोच झोत मोठ्या क्षेत्रावर पसरतो. बिंदू डोक्यावर आला की झोत सरळ पडतो. बेळगावहून १४ डिसेंबरच्या सुमारास मिथुनेचा उगमबिंदू रात्री नऊ वाजता क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. दहाला तो २८ अंशांवर येतो. पहाटे अडीचच्या सुमारास तो सर्वांत उंच, सुमारे ७३ अंशांवर, डोक्यापासून किंचित उत्तरेकडे असतो. आणि पाच वाजता पश्चिमेकडे झुकूनही ५२ अंशांवर असतो. तेव्हा रात्री नऊला गच्चीवर जाणारा माणूस दुकान उघडण्यापूर्वीच बाजाराला गेलेला असतो.

१५० चे काय होते?

बातमीतला १५० हा आकडा म्हणजे, उगमबिंदू अगदी डोक्यावर असता, ६.५ प्रतीपर्यंतचे मंद तारे दिसतील इतक्या काळ्याभोर आकाशाखाली, एका माणसाला एका तासात दिसू शकतील अशा उल्कांची संख्या. व्यापारी भाषेत ही छापील किंमत झाली. तिच्यातून दोन वजावटी कराव्या लागतात.

पहिली वजावट उंचीची. उगमबिंदू जितके अंश वर असेल, त्याच्या 'साइन'ने संख्येला गुणावे. १५ अंशांना ही किंमत सुमारे ०.२६ येते, ७३ अंशांना ०.९६.

दुसरी वजावट उजेडाची, आणि ती फार जबर आहे. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. मिथुनेच्या वर्षावात आकाश एका प्रतीने उजळले, तर दिसणाऱ्या उल्का सुमारे २.६ पटींनी कमी होतात. गावाबाहेरच्या चांगल्या आकाशात ६.० प्रतीचे तारे दिसतात असे धरू, आणि शहरातल्या गच्चीवरून ४.५ प्रतीचे. आता उदाहरण सोडवू.

गावाबाहेर, पहाटे अडीच वाजता : १५० ला ०.९६ ने गुणून १.६१ ने भागले असता सुमारे ८९.
शहरातल्या गच्चीवर, पहाटे अडीच वाजता : १५० ला ०.९६ ने गुणून ६.७६ ने भागले असता सुमारे २१.
त्याच गच्चीवर, रात्री नऊ वाजता : १५० ला ०.२६ ने गुणून ६.७६ ने भागले असता सुमारे ६.

आकाश तेच, रात्र तीच, वर्षावाचा जोरही तोच. आणि तरी एकाला ८९, एकाला २१ व एकाला ६. नऊ वाजता वीस मिनिटे उभे राहणाऱ्याच्या वाट्याला तर दोनच येतात. त्याची तक्रार खरी आहे, तिचे कारण मात्र त्याने ओळखलेले नसते. हे आकडेही वर्षाव ऐन भरात असतानाचे आहेत. तो भर काही तासच टिकतो व दरवर्षी वेगळ्या वेळी येतो. म्हणून १३-१४ आणि १४-१५ अशा दोन्ही पहाटा धराव्यात.

चंद्राचा उजेडही याच खात्यात जातो. त्यासाठी घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहिली की पुरे. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, म्हणून पहाट मोकळी मिळते. कृष्ण अष्टमीचा चंद्र नेमका मध्यरात्री उगवतो आणि पहाट खाऊन टाकतो. तेव्हा पहाटे निरीक्षण करणाऱ्याने ढोबळमानाने कृष्ण द्वादशी ते शुक्ल अष्टमी हा काळ चांगला मानावा.

नोंद कशी ठेवावी?

रोजकीर्दीचा पहिला नियम आम्हांला असा शिकवतात, की व्यवहार घडला त्या क्रमाने, घडला त्या तारखेस, आणि घडला तेवढाच लिहावा. उल्कांच्या वहीलाही हाच नियम लागू आहे.

साधने थोडी : चटई, घोंगडी, कानटोपी, घड्याळ, वही, पेन्सिल आणि लाल कागद लावलेली बॅटरी. मोबाइलचा पडदा एकदा जरी पाहिला तरी अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कच्चे होतात. त्यांना सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून तो बंद करून खिशात ठेवावा. उभे राहू नये, आडवे व्हावे. पुनर्वसूकडेच टक लावून बसू नये, कारण तेथील रेघा आखूड असतात. आकाशाच्या मध्यावर, दिवे नसलेल्या बाजूला पाहावे.

दर पंधरा मिनिटांचा एक रकाना करावा. प्रत्येक उल्केसाठी वेळ लिहावी, ती मिथुनेची की इतर हे लिहावे (रेघ मागे नेली असता पुनर्वसूकडे जाते की नाही ते पाहून), आणि तेज लिहावे. तेजासाठी आकाशातच वजने ठेवलेली आहेत : व्याध उणे १.५, ब्रह्महृदय सुमारे ०, रोहिणी सुमारे १, ध्रुव २. आकाशाची स्थिती आरंभी आणि शेवटी लिहावी. कृत्तिका मावळण्यापूर्वी त्यांतल्या सहा तारका साध्या डोळ्यांनी सुट्या दिसल्या, तर निदान ४.३ प्रतीपर्यंत आपली नजर पोचते आहे असे समजावे. ढग आले तर किती मिनिटे, तेही लिहावे.

आणि ज्या पंधरा मिनिटांत काहीही दिसले नाही, तेथे शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये. कोरा रकाना म्हणजे आपण पाहिले की डुलकी घेतली ते कळत नाही. शून्य म्हणजे पाहिले आणि दिसले नाही. हिशेबात या दोन गोष्टींमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे.

दोघांनी मोजले तर दोन वह्या कराव्यात. १५ डिसेंबर २०२३ च्या पहाटे, मी पी. यू. सी.त असताना, कन्नड माध्यमातली माझी एक मैत्रीण आणि मी आमच्या घराच्या गच्चीवर दोन ते तीन या वेळात मोजत होतो. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते. मी उत्तरेकडे पाय करून पडले होते, ती दक्षिणेकडे. ती हळू आवाजात 'ओंदु, एरडु' म्हणे, मी 'एक, दोन'. माझ्या चार रकान्यांत ४, ७, ३, ५ अशा एकूण १९ झाल्या, तिच्या १५. आम्ही ३४ उल्का पाहिल्या असे कोणीही म्हणेल. पण वेळा ताडून पाहिल्या तेव्हा ११ उल्का दोघींच्याही वहीत होत्या. म्हणजे वेगळ्या उल्का २३. शास्त्राला ना ३४ हवे असतात ना २३. त्याला १९ आणि १५ असे एकेका माणसाचे आकडे हवे असतात, कारण वर सांगितलेला हिशेब एका माणसाच्या नजरेचा आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर किंवा जांबोटीच्या बाजूला आकाश अधिक काळे मिळते हे खरे. परंतु पहाटे तीन वाजता तेथे जाण्याची परवानगी आम्हां मुलींपैकी फारच थोड्यांना मिळेल. म्हणून आपल्याला हा विषय नाही असे समजण्याचे कारण नाही. गच्चीवरून मोजलेले १९, आकाशाची स्थिती सोबत लिहिली असेल तर, गडावरून मोजलेल्या ८० इतकेच प्रामाणिक असतात. सूत्र दोघांनाही एकाच मापात आणून ठेवते. स्थिती लिहिली नाही तर मात्र गडावरचे ८० ही निरुपयोगी.

एका हिशेबनिसाची गोष्ट

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात विल्यम फ्रेडरिक डेनिंग (१८४८–१९३१) नावाचे गृहस्थ होते. व्यवसायाने हिशेबनीस. विज्ञानाचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. पण वर्षानुवर्षे रात्री जागून त्यांनी हजारो उल्कांचे मार्ग टिपले, आणि १८९९ मध्ये उगमबिंदूंची मोठी सूची प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले होते.

डेनिंग यांचे एक मत होते, की काही उगमबिंदू महिनोन्महिने आकाशात एकाच जागी स्थिर राहतात. पुढे हे मत टिकले नाही. परंतु त्यांची निरीक्षणे त्यांच्या मतापासून वेगळी लिहिलेली होती, म्हणून इतरांना ती पुन्हा तपासता आली. रोजकीर्द निराळी आणि ताळेबंद निराळा ठेवण्याचे महत्त्व आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा या उदाहरणाने मला अधिक पटले.

त्याच १८९९ सालची दुसरी हकीकत. सिंहेचा वर्षाव सुमारे ३३ वर्षांनी भरास येतो. १८३३ मागून १८६६ मध्ये तो आला होता. म्हणून १८९९ मध्ये तो येणारच असे गाजावाजा करून सांगितले गेले. लोक जागले आणि काहीच घडले नाही. गुरू व शनी यांच्या ओढीने कणांचा प्रवाह बाजूला सरकला होता. ज्योतिर्विदांची मोठी नाचक्की झाली. पुढे १९६६ मध्ये मात्र पश्चिम अमेरिकेत त्याच वर्षावाने काही मिनिटे पुन्हा उल्कांची झड लावली.

मिथुनेची गोष्ट याच्या उलट. हा वर्षाव प्रथम लक्षात आला १८६२ मध्ये, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा जोर ताशी सुमारे २० च्या आसपासच होता. तोच आज १५० पर्यंत पोचला आहे, कारण गुरूच्या ओढीने तो प्रवाह पृथ्वीच्या मार्गाकडे सरकत आला. त्याचा उगम कोणता हेही फार काळ ठाऊक नव्हते. १९८३ मध्ये एका कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांतून 'फेथॉन' नावाचा लघुग्रह सापडला, आणि त्याची कक्षा मिथुनेच्या उल्कांशी जुळते हे फ्रेड व्हिपल यांनी दाखवून दिले. बहुतेक वर्षाव धूमकेतूंचे, हा मात्र खडकाळ लघुग्रहाचा, हे त्याचे वैशिष्ट्य.

आता विचार करा : २० चे १५० झाले हे आपल्याला कळले कशावरून? त्या काळी थंडीत जागून कोणीतरी २० लिहून ठेवले म्हणून. त्यांनी कंटाळून 'आज विशेष काही नाही' म्हणत वही मिटली असती, तर आपल्या हाती फक्त आजचा आकडा राहिला असता आणि प्रवाह सरकतो आहे हे समजायला आणखी एक शतक लागले असते.

हे काम आजही संपलेले नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून अशा नोंदी स्वीकारते. दुर्बीण लागत नाही, पदवी लागत नाही, इंग्रजीही आकड्यांपुरते पुरते.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने दोन सूचना करते. पहिली अशी, की येत्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयातील मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांतील ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपापल्या गच्चीवरून, पहाटे दोन ते पाच यांपैकी निदान एक तास, वर दिल्याप्रमाणे नोंद करावी. दुसरी अशी, की त्या नोंदींचे एक पान दरवर्षी या अंकात छापावे : नाव, ठिकाण, वेळ, आकाशाची स्थिती, उल्का. मथळा दोन्ही भाषांत द्यावा, तक्ता एकच असावा. संपादक मंडळाने मनावर घेतले तर पहिल्या वर्षाचा तक्ता तयार करण्याचे काम मी आनंदाने करीन. ज्यांच्या रकान्यांत शून्येच अधिक असतील त्यांनीही आपली पाने अवश्य द्यावीत.